सासऱ्यांना आधी घराचा नकाशा काढायला सांगा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सासरे लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातले, ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपातून वाचलेले, आता पासष्टीचे. त्यांच्या आठवणी नातवंडांसाठी लिहून काढायचं तुम्ही मनावर घेतलंय. पण ते सांगतात की आजेसासूबाईंना ढिगाऱ्यातून त्यांनी स्वतः काढलं, आणि चुलत सासरे म्हणतात की काढणारी माणसं वेगळीच होती, दादा तेव्हा तिथे नव्हताच. शिवाय सासरे भूकंप 'रात्री दोनच्या सुमाराला' झाला म्हणतात आणि सगळीकडे छापलंय पहाटे चार. तुम्ही विचारलंय, खरं कोणाचं धरायचं, आणि जखम न उकलता विचारायचं कसं?

मी सत्तावीस वर्षं हेच काम करते. दुष्काळ, पूर, गिरणी संप, भूकंप, जे ज्याने पाहिलं ते त्याच्या तोंडून रेकॉर्ड करायचं, उतरवून काढायचं, जपून ठेवायचं. किल्लारी-सास्तूर भागात मी पुष्कळ हिंडले आहे. त्यामुळे हे उत्तर जरा लांबेल.

आधी वेळेचं बघू, कारण ते सोपं आहे. भूकंप झाला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी. ही वेळ यंत्रांची आहे. ज्याच्या अंगावर माळवद, म्हणजे घराचं मातीचं छत, आलं त्याने घड्याळ पाहिलेलं नसतं. आदली रात्र अनंत चतुर्दशीची, विसर्जनाची. मिरवणुकीतून उशिरा परतलेला माणूस नुकताच आडवा झालेला असतो, गाढ झोपेतून उठतो तो थेट धुरळ्यात. त्याच्या लेखी 'झोपलो आणि लगेच झालं' हे अगदी खरं असतं. त्या 'लगेच'चा आकडा विचारला की तो दोन सांगतो. याउलट त्याच रात्री मुंबईत मुख्यमंत्री शरद पवार जागे होते. राज्यातल्या मिरवणुका सुखरूप संपल्याची खबर येईपर्यंत ते जागेच राहिले होते, खिडक्यांची तावदानं हलली तेव्हा त्यांनी कोयनेच्या भूकंपमापन केंद्राला फोन लावला आणि भूकंपाचं केंद्र किल्लारीजवळ असल्याचं कळलं, असं त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलंय. त्यांना वेळ नेमकी सांगता येते, कारण ते जागे होते आणि हाताशी फोन होता. तुमच्या सासऱ्यांना भुईचा आवाज सांगता येतो, तो मुंबईत कोणाला ऐकू आला नाही. जो जिथे होता तिथलंच त्याला ठाऊक. साक्ष ऐकताना मी पहिला हिशेब हाच धरते.

म्हणून 'काय झालं?' असं विचारूच नका. 'तुम्ही कुठे होता?' असं विचारा. त्याहून चांगलं म्हणजे त्यांना जुन्या घराचा नकाशा काढायला सांगा.

हे मला एका आजींनी शिकवलं. त्यांना लिहिता येत नव्हतं, कागद पुढे केला तर हात मागे घेतला. मग त्याच उठल्या, डब्यातून मूठभर चिंचोके आणले आणि फरशीवर मांडायला लागल्या. हा ढाळजेचा उंबरा, हे बैलांचं दावं, ही चूल, हा धान्याचा बळद. मग एकेक चिंचोका उचलून, 'इथं थोरला, इथं त्याची बायको, इथं मी, पोरगी माझ्या कुशीत.' बाहेर ओट्यावर दोन ठेवले, एक शेतात, म्हणजे फरशीच्या पार टोकाला, जागलीवर गेलेला मुलगा. तोवर तासभर त्या तीच तीन-चार वाक्यं बोलत होत्या, दर वर्षी ३० सप्टेंबरला येणाऱ्या पाहुण्यांना सांगून घोटलेली. चिंचोके मांडले आणि बोलणं बदललं. कोणती भिंत कोणावर आली, कोणता खांब उभा राहिला, त्या खांबाशी कोण वाचलं, हे त्या बोटाने दाखवत गेल्या. शेवटी आतले काही चिंचोके त्यांनी पालथ्या वाटीखाली झाकले. मी काही विचारलं नाही. रेकॉर्डिंगमध्ये तिथे फक्त वाटी टेकल्याचा आवाज आहे.

या भागातलं घर तुम्ही सून म्हणून पाहिलेलं नसणार, तुम्ही नव्या गावातच आलात. म्हणून सांगते, म्हणजे नकाशा वाचता येईल. भिंती दगड-मातीच्या, दोन-अडीच फूट किंवा त्याहूनही जाड. दगड बहुतेक अनघड, मध्ये चिखल. वर लाकडी तुळया, फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर, ते माळवद. दर पावसाळ्याआधी गळू नये म्हणून त्यावर आणखी माती पडायची. घर मोजायचं ते खणांवर, म्हणजे दोन तुळयांमधल्या जागेवर: पाच खणांचं, सात खणांचं. उन्हाळ्यात आत गार, चोराला भिंत फोडता येत नाही, म्हणून हीच घरं पक्की समजायचे. त्या पहाटे या भिंती बाहेरच्या आणि आतल्या अंगाने सुटून पडल्या. अनेक ठिकाणी लाकडी सांगाडा उभा राहिला आणि माणसं दगडमातीखाली गेली. सासरे जर म्हणाले 'खांब होता म्हणून वाचलो', तर तो दैवाचा दाखला समजून पुढे जाऊ नका, खांब कुठला ते नकाशात विचारा. बांधकामाचा अभ्यास करणाऱ्यांना जे मोजपट्टीने सापडलं, ते या लोकांनी अंगावर घेतलेलं आहे.

आता उजेडाचं. एक सांगतो 'डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नव्हतं', दुसरा सांगतो 'लख्ख चांदणं होतं'. वाचणाऱ्याला वाटतं, दोघांतला एक खोटा. पंचांग काढून बघा. चतुर्दशी संपून पौर्णिमा लागत होती, चंद्र जवळजवळ पुरा, पहाटे चारला पश्चिमेकडे कललेला पण वर होता. शेतात झोपलेल्याला चांदणं दिसणारच, ढग नसतील तर. घरात अडकलेल्याला माळवदाच्या मातीचा धुरळा दिसला, म्हणजे काहीच दिसलं नाही. दोन साक्षी जुळत नाहीत तेव्हा मी आधी दोघांच्या जागा विचारते. पुष्कळ भांडणं तिथेच मिटतात. आणि पंचांग, पावसाची नोंद, शाळेचा दाखला, लग्नपत्रिका असल्या बिनबोलक्या गोष्टी हाताशी ठेवा. त्या माणसाला खोटं पाडायला नकोत, त्याचं बोलणं समजायला हव्यात.

आणखी एक गुंता या भूकंपापुरता आहे. मोठा धक्का एकटा आला नव्हता. किल्लारीच्या परिसरात १९९२ च्या पावसाळ्यापासून लहान धक्के जाणवत होते, त्या वर्षीच्या ऑक्टोबरात तर चांगला जोराचा बसला होता. लोक घाबरून बाहेर झोपले होते. मग दिवस गेले, भीती मुरली, माणसं पुन्हा आत झोपायला लागली. मोठ्या भूकंपानंतरही कितीतरी दिवस भुई थरथरत होती. या सगळ्या रात्री आठवणीत एकमेकींत मिसळतात. 'आम्ही बाहेरच झोपलो होतो' असं कोणी म्हणालं तर ते १९९२ चं असू शकतं, ३० सप्टेंबरच्या नंतरचंही. ओळखायची माझी रीत साधी आहे: 'तेव्हा अंगावर पांघरूण काय होतं? तंबू होता की उघड्यावर? अमकीचा जन्म झाला होता का?' तारखेचा प्रश्न विचारला तर माणूस अंदाज सांगतो. लेकरू कितव्या महिन्यात होतं ते विचारलं तर बाई कधी चुकत नाही.

माझी एक चूक सांगते. कामाला लागून दोनच वर्षं झाली होती. एक मावशी सांगत होत्या की भुई हलली तेव्हा त्या जात्यावर बसल्या होत्या आणि बाहेर उजाडलं होतं. मी तरुण, वाचून आलेली. म्हणाले, 'मावशी, उजाडलं नव्हतं, चारला चार मिनिटं कमी होती.' त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, 'मग पेपरात आहे तसंच लिहा की.' पुढचा अर्धा तास त्यांनी मला पेपरातलंच सांगितलं. जातं गेलं, उजाडणं गेलं, सगळं गेलं. पुष्कळ दिवसांनी त्यांच्या जावेकडून कळलं की त्या चारच्या आधी उठून दळायला बसायच्या, आणि त्यांच्या बोलीत चूल पेटली की 'उजाडलं'. चूक माझी होती. ती टेप अजून माझ्याकडे आहे, नव्या मुलामुलींना मी तीच आधी ऐकवते.

दुरुस्त करायचा मोह फक्त नवख्याला होतो असंही नाही. मराठीतली सगळ्यात मोलाची प्रत्यक्षदर्शी हकीकत घ्या. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले ते दानदक्षिणेच्या आशेने, डोक्यावरचं कर्ज फेडायला. सापडले बंडाच्या मधोमध. १८५८ मध्ये इंग्रजांनी झाशीला वेढा दिला तेव्हा ते शहरात होते. परत येऊन जवळजवळ पंचवीस वर्षांनी, इतिहासकार चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून त्यांनी ते सारं मोडी लिपीत लिहून काढलं. वैद्यांनी ते 'माझा प्रवास' म्हणून १९०७ साली छापलं, पण छापताना भाषा सुधारली, काही गाळलं, काही आपल्या पद्धतीने मांडलं. वाईट हेतू मुळीच नव्हता. सरकारची भीती होती आणि वाचकाला बरं वाटावं ही इच्छा होती. पण गोडसे भटजींचा मूळ आवाज वाचकांपर्यंत पोचायला १९६६ साल उजाडलं, इतिहास संशोधक दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून पुस्तक काढलं तेव्हा. वैद्यांनी ते हस्तलिखित भारत इतिहास संशोधक मंडळाकडे सोपवून ठेवलं होतं म्हणून हे झालं. त्यांनी ते फाडून टाकलं असतं तर? म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते, नातवंडांसाठी वाचनीय मजकूर खुशाल तयार करा, पण मूळ रेकॉर्डिंग आणि शब्दाला शब्द उतरवलेली वही वेगळी ठेवा. सासरे 'भुई हालली' म्हणाले तर वहीत 'भुई हालली'च लिहा. 'जमीन हादरली' लिहिलंत की ते दुसऱ्याच कोणाचं बोलणं झालं.

गोडसे भटजींकडूनच दुसरी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. त्यांच्या लिखाणात बंडाचं कारण म्हणून इंग्रजांनी राजेरजवाड्यांपुढे ठेवलेल्या ८४ कलमांची हकीकत येते. अशी कलमं इतिहासात सापडत नाहीत, ती वाटेत ऐकलेली वार्ता होती. आणि त्याच पुस्तकात, झाशी पडल्यानंतर वाटेत विहिरीपाशी राणी भेटते. तहानलेली, धुळीने माखलेली. भटजी पाणी काढायला पुढे होतात तर ती त्यांना थांबवते, तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही माझ्यासाठी पाणी काढू नका, म्हणते आणि स्वतः पोहरा घेते. एकाच माणसाने, एकाच वहीत, या दोन्ही गोष्टी लिहिल्या. पहिली वाचून 'भटजी गप्पिष्ट' म्हणून दुसरी टाकून देणारे लोक मी पाहिलेत, आणि दुसरीवर भाळून पहिलीही खरी मानणारेही. मी उतरवलेल्या मजकुराच्या समासात तीन खुणा करते: 'पा' म्हणजे पाहिलेलं, 'ऐ' म्हणजे ऐकलेलं, 'क' म्हणजे नंतर कळलेलं. तुम्हीही करा. सासरे 'किल्लारीत त्या दिवशी असं झालं' म्हणाले आणि ते स्वतः आपल्या गावात ढिगारा उपसत होते, तर ते 'ऐ'. टाकायचं नाही. ती वार्ता त्या दिवशी गावात कशी फिरत होती, हे त्यातून कळतं.

आकड्यांचंही तेच. सरकारी नोंदीत मृत्यू ७,९२८. लोकांच्या तोंडी दहा हजार, कधी त्याहून खूप जास्त. तुमच्या सासऱ्यांनी गावाचा आकडा सांगितला आणि तो नोंदीशी जुळला नाही तर वाद घालू नका. त्यांना नावं विचारा. आळीतून चालत गेल्यासारखं, एकेका घराचं. आकडा विसरणारी माणसं नावं विसरत नाहीत.

ज्यांची वयं तेव्हा चार-पाच होती त्यांच्याबद्दल थोडं सावध राहा. त्यांना जे 'आठवतं' त्यातलं बरंचसं घरच्यांनी पुन्हापुन्हा सांगितलेलं असतं. त्यांच्या स्वतःच्या आठवणी बहुधा नंतरच्या असतात: तंबू, पत्र्याच्या शेडचा उन्हाळा, पोळ्या वाटणारे अनोळखी लोक. भारतीय जैन संघटनेने या भागातली सुमारे १,२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली, त्यांच्यातल्या कोणाशी बोलणं झालं तर त्यांना भूकंपाची रात्र कमी आणि गाडीत बसल्याची सकाळ जास्त विचारा.

आता तुमचा खरा प्रश्न. दोन भाऊ, एक आई, दोन हकीकती.

ताई, मी या भागात ऐकलेल्या हकीकतींत ज्याच्यावर सगळ्यात जास्त वेळ माणूस अडखळतो ते हेच: आधी कोणाला काढलं. त्या पहाटे कुदळ-फावडी ढिगाऱ्याखालीच होती. हातांनी दगड उचलत होते. हाक एकीकडून आई मारत असते, दुसरीकडून लेकरू. ज्याने जो ढिगारा आधी धरला, त्याचं ओझं तो आजवर वाहतो. मग वर्षं जातात आणि आठवण त्या ओझ्याला धरून सावकाश जागा बदलते. कोणी स्वतःला तिथे ठेवतो जिथे त्याला असायला हवं होतं. कोणी भावाला तिथून काढून टाकतो, रागाने. मी याला खोटेपणा म्हणत नाही. तीस वर्षं रोज रात्री तो माणूस त्या ढिगाऱ्यापाशी जाऊन येतो. इतक्या वेळा गेल्यावर पहिल्या वेळी नेमके कुठे होतो ते त्याचं त्यालाही वेगळं काढता येत नाही.

दुसरं कारण कागदाचं आहे. भूकंपानंतर लगेच पंचनामे झाले. घरात किती माणसं, कोण गेलं, कोण एकत्र, कोण वेगळं, जमीन किती, हे सगळं त्या दिवसांत साहेबांपुढे सांगावं लागलं. ५२ गावं पूर्ण नव्या जागी वसवली, आणि नवं घर मिळालं ते जमिनीच्या धारणेवर: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्यांना २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्यापुढे ७५०. त्यामुळे कुटुंब एक की दोन, आई कोणाकडे राहत होती, याला एकदम भाव आला. मी हे तुमच्या घराबद्दल बोलत नाही, मला काहीच ठाऊक नाही. पण भाऊ-भाऊ जिथे वेगळं सांगतात तिथे मी मनाशी विचारते की ही हकीकत पहिल्यांदा कोणापुढे सांगितली गेली? तलाठ्यापुढे, पत्रकारापुढे, की आईच्या दहाव्याला भावकीपुढे? पहिल्या ऐकणाऱ्याच्या साच्यात ती बसते आणि पुढे त्याच साच्यात राहते.

म्हणून दोघांना समोरासमोर बसवू नका. एकाचं दुसऱ्याला ऐकवू नका. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या जागी, दोघांचं पूर्ण ऐका. चुलत सासऱ्यांनाही नकाशा काढू द्या. मग दोन नकाशे शेजारी ठेवून तुम्ही एकट्या बघा. कदाचित असं निघेल की आईला हाक ऐकून शोधलं एकाने, दगड उपसले शेजाऱ्यांनी, आणि उचलून बाहेर आणलं दुसऱ्याने. 'काढलं' या एका शब्दात ही तिन्ही कामं मावतात. कदाचित असं काहीच निघणार नाही. तसं झालं तर नातवंडांच्या वहीत दोन्ही लिहा, एकाखाली एक, ज्याच्या त्याच्या नावाने. 'खरं असं होतं' हे वाक्य तुम्ही लिहू नका. तुम्ही तिथे नव्हतात, मीही नव्हते. आणि हे छापायचं, कोणाला पाठवायचं ठरलं तर आधी दोघांनाही विचारा. दोघांतला एक जरी नको म्हणाला तर तेवढं पान घरातच राहू द्या.

घरातल्या बायकांना विसरू नका. तुमच्या सासूबाई त्या रात्री तिथे असतील तर त्यांचं वेगळं रेकॉर्ड करा, सासरे घरात नसताना. पुरुष पुष्कळदा ओट्यावर, देवळात, शेतात झोपलेले असायचे. बायका-लेकरं आत. त्यामुळे आतून काय दिसलं ते त्याच सांगू शकतात. पुढचेही दिवस त्यांनाच विचारा: पाऊस लागला होता, सरपण भिजलेलं, चितेला पडक्या घरांच्या तुळया नि चौकटी लावाव्या लागल्या, ज्या दारातून आत आलो तेच दार जळताना पाहिलं. चूल पहिल्यांदा कधी पेटली, तिच्यावर काय शिजलं, अंगावरचं लुगडं कोणाचं होतं. पुरुष सहसा हे सांगत नाहीत, कारण त्यांना कोणी विचारलेलं नसतं.

बसायचं कसं ते सांगते. फोनवर रेकॉर्ड केलं तरी चालतं, फक्त विमान मोड लावा म्हणजे मध्ये कोणाचा फोन येणार नाही, आणि पंखा बंद करा. पंख्याची घरघर कानाला जाणवत नाही, रेकॉर्डिंगमध्ये जाणवते. पत्र्याखाली बसू नका, पाऊस आला तर सगळं गेलं. सुरुवातीला तुमच्या आवाजात तारीख, गाव, कोण बोलतंय आणि कोण ऐकतंय हे सांगा. त्यांची परवानगी त्याच रेकॉर्डिंगमध्ये घ्या, सून असलात तरी. एका बैठकीला तासभर पुरे. त्याच रात्री फाइल दुसऱ्या ठिकाणी उतरवून ठेवा. फोन हरवतात, पाण्यात पडतात.

पहिली बैठक भूकंपाची करूच नका. त्यात गाव घ्या: जत्रा, पाणी कुठून यायचं, शाळेचे गुरुजी, बैलांची नावं. दुसऱ्या बैठकीत २९ सप्टेंबरची संध्याकाळ. मिरवणुकीत कोण होतं, लेझीम होतं का, जेवायला काय होतं, परत आल्यावर अंथरूण कुठे टाकलं. त्यांना त्या अंथरुणापर्यंत सावकाश येऊ द्या. पुढचं तेच सांगतील. मध्ये गप्प झाले तर गप्पच राहा. मनात वीसपर्यंत मोजा, पुन्हा वीस. बहुतेक वेळा आपण घाबरून बोलतो आणि येऊ घातलेली गोष्ट परत जाते.

रडले तर रडू द्या. पाणी द्या, 'थांबू या का?' एवढंच विचारा. हो म्हणाले तर थांबा आणि मशीन त्यांच्या डोळ्यांसमोर बंद करा. पण तसंच उठून जाऊ नका. शेवट नेहमी आजच्या दिवसावर करा: नातीची शाळा, शेतातलं सोयाबीन, चहा. माणसाला ढिगाऱ्यावर सोडून यायचं नाही. त्या रात्री त्यांना झोप लागणार नाही, हे घरातल्यांना आधी सांगून ठेवा. आणि ३० सप्टेंबरच्या आगेमागे बसू नका. त्या आठवड्यात स्मृतिस्तंभापाशी श्रद्धांजली असते, बातम्या असतात, सगळं गाव तेच बोलत असतं. ते दिवस त्यांचे त्यांना राहू द्या.

शेवटची बैठक जुन्या गावात करा. दिवाळीनंतर, ऊन उतरलं की. गावठाणात आता दगडांचे ढीग नि बाभळी आहेत. पायात बूट घाला, काटा लागतो. त्यांना पुढे चालू द्या, तुम्ही मागे, रेकॉर्डर चालू ठेवून. काही विचारू नका. ते वाटेने जातील तशी घरं सांगत जातील, 'हे सुताराचं, इथून आत वळायचं'. आपल्या घरापाशी ते थांबतील. तिथे तुमचा नकाशा काढा आणि त्यांच्या हातात द्या. कागदाची कोणती बाजू उत्तरेकडे धरायची ते त्यांनाच ठरवू द्या, आणि चुकलेली भिंत पुसायला खोडरबर बरोबर ठेवा.